पिशवीतील दोन वजने

प्रत्येक वर्षी २४ डिसेंबर हा दिवस भारतात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ साली याच तारखेस ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याची ही आठवण. ख्रिस्ती घरांत मात्र हा दिवस सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही. कारण त्या दिवशी आपण सारे ग्राहक होऊन बाजारातच असतो. करंज्यांसाठी मैदा आणि तूप, केकसाठी लोणी आणि मनुका, मुलांना नवे कपडे, घरातल्या आजारी माणसासाठी औषध, आणि त्यातच रात्रीच्या उपासनेची घाई. अशा गर्दीत माणूस किती गोष्टी डोळे मिटून घेतो याचा विचार केला तर नवल वाटते. तुपात काय मिसळले आहे हे आपण पाहत नाही. कानातल्या कुड्यांत सोने किती आणि तांबे किती हे आपल्याला कळत नाही. औषधाच्या बाटलीत वेष्टनावर लिहिलेलेच औषध आहे, हे तर आपण केवळ विश्वासाने मानतो.

या विश्वासाचे रक्षण कोणी करावयाचे? प्रश्न साधा दिसतो. पण त्यावर दोन पक्ष पडलेले आहेत. १९९१ नंतर आपल्या देशात खुल्या अर्थव्यवस्थेचे वारे वाहू लागले, तेव्हापासून एक पक्ष म्हणतो, व्यापाऱ्याला व्यापाऱ्याशी स्पर्धा करू द्या. जो फसवील त्याचे गिऱ्हाईक तुटेल आणि तो आपोआप बुडेल. दुसरा पक्ष म्हणतो, नफ्याच्या मागे लागलेल्या माणसाला लगाम हवा. तो लगाम कायद्याचा, परवान्याचा आणि निरीक्षकाचा. दोन्ही पक्षांत विचारी आणि प्रामाणिक माणसे आहेत. म्हणून कोणाचीही चेष्टा न करता आपण हा प्रश्न तपासून पाहू. त्यासाठी मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा एका पदार्थाची हकीगत आपल्याला अधिक उपयोगी पडेल. पण त्याआधी फसवणूक म्हणजे नेमके काय, हे ठरविले पाहिजे.

आंधळ्याच्या वाटेतले अडखळण

लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आपल्याला शेजाऱ्यावरील प्रीतीच्या आज्ञेमुळे ठाऊक आहे. त्या आज्ञेच्या चार वचने आधी आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास मनाई केलेली आहे. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस तराजू, वजने आणि मापे खरी असावीत असा नियम आहे. प्रीती, आंधळा आणि तराजू या तीन गोष्टी एकाच अध्यायात याव्यात हे विचार करण्याजोगे आहे. यहूदी धर्मगुरूंनी पुढे 'आंधळा' या शब्दाचा अर्थ व्यापक केला. ज्याला एखाद्या बाबीचे ज्ञान नाही, तो त्या बाबीपुरता आंधळाच, असे त्यांनी म्हटले. हा अर्थ मानला तर बाजारात पाऊल ठेवणारा प्रत्येक मनुष्य कमीअधिक प्रमाणात आंधळा आहे.

कमीअधिक म्हणण्याचे कारण असे की, सर्व वस्तू सारख्या नसतात. काही वस्तूंचा गुण विकत घेण्याआधीच दिसतो. वांगे किडके आहे की नाही हे भाजीवालीसमोरच कळते. काही वस्तूंचा गुण वापरल्यावर कळतो. चपलेचा अंगठा पंधरा दिवसांत तुटला की पुढच्या वेळी आपण त्या दुकानाची पायरी चढत नाही. परंतु काही वस्तू अशा आहेत की, त्यांचा गुण घेण्याआधी कळत नाही, वापरल्यावरही कळत नाही, आणि कधी कळलाच तर फार उशीर झालेला असतो. औषध हे त्या तिसऱ्या प्रकारातले. ताप उतरला तर तो औषधाने उतरला की आपोआप, हे आपल्याला सांगता येत नाही. आणि उतरला नाही तर दोष रोगाचा की बाटलीचा, हेही सांगता येत नाही.

बाजार की सरकार या वादाचा निम्मा गोंधळ या तीन प्रकारांची सरमिसळ केल्यामुळे झाला आहे, असे माझे मत आहे.

बाजाराची बाजू

पहिल्या दोन प्रकारांत बाजाराची बाजू बळकट आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्यांना शिधापत्रिकेवरील धान्यासाठी तासन् तास उभे राहिल्याचे दिवस आठवतात, त्यांना वेगळे सांगावयास नको. दुकान एकच, माल एकच आणि दुसरीकडे जाण्याची सोय नाही, अशा ठिकाणी गिऱ्हाइकाचा राग हा वांझ राग असतो. काटा मारला तरी तेथूनच घ्यावयाचे, खडे निघाले तरी तेथूनच घ्यावयाचे. याउलट रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चार दुकाने असली की, गिऱ्हाईक तोंडाने काही न बोलता केवळ पाऊल वळवून दुकानदारास शिक्षा देऊ शकते. ही शिक्षा सौम्य असली तरी रोजची असते, आणि तिला वकील लागत नाही. पिढ्यान् पिढ्या एकाच पेठेत दुकान चालविणारा व्यापारी आपल्या नावाला जपतो, तो काही पोलिसांच्या भीतीने नव्हे.

परंतु ही शिक्षा देण्यासाठी गिऱ्हाइकाला खरे-खोटे कळले पाहिजे. ते कळत नसेल तर काय होते, हे अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात दाखवून दिले. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो मुख्यतः याच विचारासाठी. आपल्याला जवळचे वाटावे असे की, १९६७-६८ च्या सुमारास ते भारतात राहून गेले होते, आणि भारतीय गृहिणीला बाजारातील तांदूळ निवडावा लागतो, कारण तांदळाच्याच रंगाचे व आकाराचे खडे त्यात मुद्दाम मिसळलेले असतात, हे उदाहरण त्यांनी त्या निबंधात दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचे सार असे : चांगला माल आणि वाईट माल गिऱ्हाइकाला वेगळा ओळखता येत नसेल, तर ते दोहोंना सारखाच मधला भाव देते. त्या भावात चांगला माल देणाऱ्याचे नुकसान होते, वाईट माल देणाऱ्याचा फायदा होतो. आणि हळूहळू प्रामाणिक मनुष्य बाजारातून उठून जातो. म्हणजे अज्ञानाच्या ठिकाणी स्पर्धा चालू राहिली, तर ती लबाडाला हाकलून देण्याऐवजी सज्जनालाच हाकलून देऊ शकते.

तांदळातला खडा निदान दाताखाली लागतो. औषधातला खडा लागत नाही.

एका गोड विषाची हकीगत

डायइथिलिन ग्लायकॉल नावाचे एक रसायन आहे. ते रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड असते. कारखान्यांत त्याचे अनेक उपयोग आहेत. औषधांत घातले जाणारे ग्लिसरीन दिसावयास आणि चवीला असेच असते. पण ते महाग आणि हे स्वस्त. मनुष्याच्या पोटात हे रसायन गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात, लघवी बंद होते, आणि लहान मूल असेल तर काही दिवसांतच दगावते.

१९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचे गुणकारी औषध पातळ स्वरूपात आणावयाचे ठरविले. गोळ्या आणि पूड बाजारात होतीच. पण मुलांना देण्यास सोपे असे पातळ औषध लोक मागत होते. कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळविले आणि त्यास रासबेरीचा स्वाद दिला. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारीपणा मात्र पाहिला नाही, कारण तशी चाचणी करण्याचे बंधन कायद्यात नव्हते. औषध घेऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली; त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

येथे कोणी म्हणेल, ही चूक झाली, फसवणूक नव्हे. मला तसे वाटत नाही. जो मनुष्य न तपासलेल्या वस्तूवर 'औषध' असा शब्द लिहितो, तो 'मी तपासले आहे' असे न बोलता सांगत असतो. आणि ते खोटे असते.

आता बाजाराने येथे काय केले ते पाहा. लोकांची मागणी होती, कंपनीने ती पुरविली, भाव रास्त होता, चव चांगली होती. बाजाराच्या नियमाप्रमाणे सारे यथासांग झाले. कंपनीचे नाव खराब झाले खरे, पण ते थडग्यांच्या संख्येवरून खराब झाले. सरकारच्या औषध खात्याने निरीक्षक पाठवून उरलेला बहुतेक साठा गोळा केला; परंतु तो जप्त करण्यास कायद्याचा आधार कोणता मिळाला? त्या औषधास 'इलिक्झर' म्हटले होते आणि त्या शब्दाप्रमाणे त्यात मद्यार्क असावयास हवा होता. तो नव्हता, म्हणून नाव चुकीचे! माणसे मेली म्हणून नव्हे. मालकाने आपली काही जबाबदारी आहे असे वाटत नसल्याची भूमिका घेतली, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याचे म्हणणे फारसे चूकही नव्हते. ज्या रसायनज्ञाने ते मिश्रण बनविले होते त्याने पुढे आत्महत्या केली.

दुसऱ्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेत नवा कायदा झाला. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारपुढे ठेवणे सक्तीचे झाले. एवढ्यावरून वाद मिटला असे वाटेल. बाजार हरला, सरकार जिंकले. पण हकीगत अजून संपलेली नाही.

सरकारी शिक्का

भारतात औषधांविषयीचा कायदा १९४० पासून आहे. परवाना आहे, निरीक्षक आहेत, प्रयोगशाळा आहेत. तरीही १९७३ साली मद्रासमध्ये याच रसायनाने १४ बालकांचा बळी घेतला.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होते. औषधाच्या जागी कारखान्यात वापरावयाचा माल आला होता. या प्रकरणात सरकार बाहेरून पाहणारे पहारेकरी नव्हते. रुग्णालय सरकारी, खरेदी सरकारी, तपासणीची जबाबदारी सरकारी. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने जे बाहेर काढले, त्यात औषध प्रशासनातील ढिलाई होती, भ्रष्टाचार होता आणि राजकारण्यांचा हस्तक्षेपही होता. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. शिक्का सर्व कागदांवर होता; बाटलीत डोकावून पाहणारे कोणी नव्हते.

ते एकदाच घडले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. १९९८ मध्ये दिल्लीजवळ गुडगाव भागात खोकल्याच्या औषधाने ३३ मुले गेली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० बालकांचे मृत्यू झाले, आणि त्यांचा संबंध भारतात तयार झालेल्या सिरपांशी जोडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तसा इशारा दिला. यानंतर आपल्या सरकारने एक पाऊल उचलले. १ जून २०२३ पासून परदेशी पाठविल्या जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपास निर्यातीपूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेच्या तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. देशातील मुलांनी प्यावयाच्या सिरपास तसा दाखला नव्हता; कारखान्याने स्वतःच तपासावे, हा जुना नियम तेवढा होता.

आणि मग २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले गेले. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांना दिलेले सिरप तामिळनाडूतील एका कारखान्यात तयार झालेले होते. त्या राज्याच्या औषध खात्याने नमुना तपासला तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघाले. मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे बाटलीचा जवळजवळ अर्धा भाग विष होता, आणि त्या बाटलीवर परवाना क्रमांक छापलेला होता.

वाचकहो, ज्या आईने ते सिरप चमच्यात ओतले तिचा विचार करा. तिने दुकान निवडले नव्हते. दवाखान्याजवळ जे होते तेथून घेतले. औषध तिने निवडले नव्हते. डॉक्टरांनी लिहून दिले. चव घेऊन पाहिली असती तर ते गोडच लागले असते. बाजाराचा पक्ष म्हणतो, तिने पुढच्या वेळी दुसरी कंपनी घ्यावी. सरकारचा पक्ष म्हणतो, बाटलीवरील परवाना क्रमांक पाहून तिने निश्चिंत राहावे. तिच्या दृष्टीने या दोन उत्तरांत फरक तो काय?

शिक्का आणि हात

तर मग दोघेही कुचकामी, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे व्हावे काय? तसे करणे हा आळस ठरेल. १९३८ च्या त्या अमेरिकन कायद्याचे पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे याचे उत्तर सापडते.

फ्रान्सेस केल्सी ही कॅनडात जन्मलेली स्त्री. १९३७ साली ती शिकागो येथे विद्यार्थिनी असताना त्या विषारी इलिक्झरमध्ये मारक घटक कोणता, हे शोधण्याच्या कामात तिने मदत केली होती. पुढे १९६० साली ती अमेरिकेच्या औषध खात्यात नोकरीस लागली आणि लागताच तिच्या मेजावर थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज आला. हे झोपेचे औषध जर्मनीत १९५७ पासून विकले जात होते आणि अनेक देशांत त्याचा खप होता. अमेरिकेत ते येणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. कायद्याप्रमाणे खात्याने साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध विकण्यास मोकळीक मिळत असे. म्हणजे तिने काहीही न करता स्वस्थ बसणे एवढेच पुरेसे होते. परंतु कंपनीने दिलेला पुरावा तिला अपुरा वाटला. तिने अधिक माहिती मागविली; ती आली, ती अपुरी वाटली, पुन्हा मागविली. कंपनीची माणसे वारंवार येत राहिली, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. पण ही बाई सही करीना. १९६१ च्या अखेरीस युरोपातून बातमी आली की, गर्भवती स्त्रियांनी हे औषध घेतल्यामुळे हातापायांवाचून मुले जन्मास आली आहेत. जगभर अशा बालकांची संख्या दहा हजारांवर गेली. अमेरिकेतील घरे त्या दुःखातून बव्हंशी वाचली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते तिचा गौरव झाला.

या प्रसंगाकडे नीट पाहा. कायदा नसता तर केल्सीबाईंची सचोटी निरुपयोगी ठरली असती. एका बाईने 'मला शंका आहे' म्हटल्याने कोणती कंपनी थांबली असती? आणि केल्सीबाई नसत्या तर साठ दिवस उलटताच तोच कायदा त्या औषधाला बाजाराचे दार उघडून मोकळा झाला असता. तिच्या हातात जो शिक्का होता त्याच प्रकारचा शिक्का मुंबईतही होता.

म्हणून माझे उत्तर असे आहे. ज्या वस्तूचे खरेखोटेपण आंधळ्या ग्राहकाला कळूच शकत नाही, आणि ज्यातील खोटेपणाने झालेली हानी भरून येत नाही, तेथे राज्यानेच उभे राहिले पाहिजे. आणि तेही हानी होण्याच्या आधी. तेथे बाजाराची शिक्षा नेहमी उशिरा पोहोचते. राज्य चुकते, हे आपण पाहिले. परंतु राज्य चुकले तर त्याला जाब विचारण्याची जागा आहे. लेंटिन आयोगापुढे उघड चौकशी झाली, अहवाल झाला, मंत्री गेला. जो कारखाना आज नाव बदलून उद्या दुसऱ्या गावी उघडतो त्याला अशी चव्हाट्यावर जाब देण्याची सक्ती बाजार करू शकत नाही. मात्र भाजी, चप्पल, कापड अशा गोष्टींत प्रत्येक टोपलीमागे निरीक्षक उभा केला, तर त्या निरीक्षकाचे पोट भरण्यापलीकडे काही साधणार नाही. तेथे चार दुकाने आणि गिऱ्हाइकाचे पाय पुरेसे आहेत.

यातही एक शल्य आहे, ते लपविता कामा नये. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, ही मोठी गोष्ट झाली. पण जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात तेथील रुग्ण या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही, हेही त्याच निकालात आहे. आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही विनामूल्य सेवा व्याख्येबाहेरच राहिली. पैसे देणारा तेवढा ग्राहक. ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही, त्याला बाजार तर ओळखत नाहीच, पण ग्राहकांच्या रक्षणासाठी केलेला कायदाही त्या नावाने ओळखत नाही. त्याला दुसरे मार्ग आहेत, पण ते लांबचे आहेत. जो सर्वांत आंधळा त्याच्याच वाटेत अडखळण अधिक, असे हे झाले.

तिसरी वाट

बाजार आणि सरकार यांच्यामध्ये आणखी एक जागा आहे, तिचा या वादात दोन्ही पक्षांना विसर पडतो. १८४४ च्या डिसेंबरात, नाताळाच्या चार दिवस आधी, इंग्लंडमधील रॉचडेल गावी काही गरीब विणकरांनी वर्गणी जमवून एक लहानसे दुकान उघडले. माल मोजकाच होता : पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ. तो काळ इंग्लंडात भेसळीचा होता; अन्नपदार्थांतील भेसळीस आळा घालणारा कायदा तेथे व्हावयास अजून सोळा वर्षे होती. या विणकरांचा नियम साधा होता : माल निर्भेळ आणि वजन पुरे. विकणारे तेच आणि घेणारेही तेच, मग फसवावयाचे कोणाला? आजच्या सहकारी चळवळीचे मूळ त्या दुकानात आहे.

आपल्याकडेही हे घडले आहे. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. ग्राहक कायदा होण्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करते. एकट्या गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही, पण पन्नास कुटुंबे मिळून ठोक व्यापाऱ्यास प्रश्न विचारू शकतात. एकाचे आंधळेपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी थोडे भरून निघते. आपल्या मंडळ्यांत महिला मंडळे आहेत, तरुण संघ आहेत, पतपेढ्या आहेत. सहल आणि स्नेहसंमेलन यांच्या जोडीला त्यांना हे काम का करता येऊ नये? एखाद्या विधवेने आपली पुंजी दुप्पट व्याजाच्या आमिषाने कोठेतरी गुंतविण्याआधी, जाणत्या दोन माणसांनी ते कागद वाचून दाखविले, तरी किती घरे वाचतील!

परंतु ही वाटदेखील वर आलेल्या गोष्टीलाच येऊन मिळते. पतपेढीचा चिटणीसही खोटे लिहू शकतो. दुकान कोणाच्याही मालकीचे असो, कोठेतरी एक मनुष्य तागडी हातात धरून उभा असतो, आणि त्या क्षणी त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते.

अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात वजनांविषयी जो नियम आहे, त्याचे वैशिष्ट्य येथे ध्यानी येते. जुन्या काळी वजने म्हणजे दगड असत आणि व्यापारी ती पिशवीत बाळगीत. घेताना मोठा दगड, देताना लहान दगड, अशी ती लबाडी होती. नियम तोलून दाखविण्याची लबाडी करू नका एवढेच सांगून थांबत नाही. दोन प्रकारची वजने पिशवीत असूच नयेत, असे तो म्हणतो. पवित्रस्थानाचे शेकेल आणि राजाचे वजन अशा सार्वजनिक प्रमाणांचा उल्लेखही जुन्या करारात आहे. म्हणजे राजाचा माप-दंड त्या लोकांना नको होता असे नव्हे. पण राजाचा अधिकारी पिशवीत हात घालील तेव्हा घालील. पिशवी ज्याच्या खांद्यावर आहे त्याला मात्र आत काय आहे ते सदैव ठाऊक असते. आणि नीतिसूत्रांचा कर्ता गिऱ्हाइकालाही सोडीत नाही : घेताना 'माल वाईट, माल वाईट' म्हणून भाव पाडणारा आणि घरी जाऊन फुशारकी मारणारा ग्राहक त्याने विसाव्या अध्यायात नेमका रेखाटला आहे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याच समाजातील माणसे आहेत. भोपाळपासून बंगळूरपर्यंत आणि अहिल्यानगरपासून दिल्लीपर्यंत आपल्या किती मुली परिचारिका आहेत, किती मुले औषधांच्या दुकानांत, प्रयोगशाळांत, कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत काम करीत आहेत! नमुना न तपासता 'ठीक' असा शेरा मारावयास त्यांना कोणी ना कोणी केव्हातरी सांगणारच. मुदत संपलेल्या बाटलीची चिठ्ठी बदलावयास सांगेल, रुग्णालयाच्या भांडारात न आलेला माल आल्याचे लिहावयास सांगेल. नकार दिला तर बदली होईल, बढती हुकेल, कदाचित नोकरीही जाईल. हे सोपे आहे असे मी म्हणणार नाही; ज्याच्या घरी शाळेची फी भरावयाची आहे त्याला तर मुळीच सोपे नाही. म्हणून अशा माणसाला एकटे टाकणे हे मंडळीचे पाप ठरेल. त्याच्या नकाराची किंमत सर्वांनी वाटून घेतली पाहिजे. त्याच्या घरी प्रार्थनेला जाण्याबरोबर त्याच्या मुलाच्या फीची चौकशीही केली पाहिजे.

आणि ग्राहक म्हणून आपणही आपल्या पिशवीत पाहावे. कर वाचावा म्हणून पावती नको म्हणणारे आपणच असतो. आणि पावती नसली म्हणजे ग्राहक आयोगाचे दार आपल्याला जवळपास बंद होते, लबाड व्यापाऱ्याला मात्र उघडा रस्ता मिळतो. स्वस्त सोने कोठून आले हे न विचारणारेही आपणच. पावती मागा, वेष्टन वाचा, मुदत पाहा, शंका आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक क्रमांकावर कळवा. तक्रार करणे म्हणजे भांडखोरपणा, अशी आपल्या सुशील घरांतील समजूत आहे. पण आपण गप्प राहून सोडून दिलेली बाटली दुकानाच्या फळीवर तशीच राहते, आणि आपल्यामागून येणाऱ्याला ती दिली जाते. तो आपला शेजारी आहे.